‘ब्रेक ऑइल’मधलं ऑइल: नाव हा पुरावा असतो का?

जव्हारजवळच्या शिरपामाळचं नाव कसं पडलं? सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचं स्वागत करून मानाचा शिरपेच दिला, आणि तेव्हापासून हा शिरपामाळ, असं सांगतात. आता संशोधक म्हणून बघा, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारी १६६४ मधली सुरतेची स्वारी तिथल्या इंग्रज आणि डच वखारींच्या समकालीन कागदांत नोंदलेली आहे. शिरपेचाची आठवण मात्र स्थानिक परंपरेने आणि या नावाने जपली आहे. म्हणून नाव खोटं ठरत नाही. नाव हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला प्रश्न विचारावे लागतात.

ते कसे विचारायचे हे एका साध्या वस्तूवर करून बघू. जव्हारच्या घाटातून रोज उतरणाऱ्या प्रत्येक गाडीत ती असते: ब्रेक ऑइल.

आज बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या ब्रेक ऑइलमध्ये ‘ऑइल’ नसतंच. ते मुख्यतः ग्लायकॉल ईथर जातीचं रसायन असतं. मग नाव कुठून आलं? इतिहासात मागे गेलं की तेल खरोखर सापडतं. माल्कम लॉकहीड यांनी १९१७ च्या सुमारास द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. १९२१ च्या ड्युसेनबर्गमध्ये आणि १९२४ च्या क्रायसलरमध्ये असे ब्रेक चारही चाकांना आले. त्या काळच्या द्रवात अल्कोहोल आणि चक्क एरंडेल असायचं. एरंडेलच का? कारण ब्रेकमधली रबरी सील नैसर्गिक रबराची होती. खनिज तेलाने ते रबर फुगतं आणि सैल पडतं, एरंडेलाने तसं होत नाही. पुढे ब्रेक जास्त तापू लागले, कृत्रिम रबर आलं, आणि एरंडेलाची जागा ग्लायकॉलने घेतली.

इथे घाई करण्याचा मोह होतो: ‘म्हणजे आपला शब्द एरंडेलाच्या काळातला!’ थांबा. दुसरी शक्यताही तितकीच सरळ आहे. गॅरेजमध्ये गाडीत ओतायच्या बऱ्याच द्रवांना ऑइलच म्हणतात, त्याच सवयीने यालाही म्हटलं असेल. दोन्ही स्पष्टीकरणं शब्दाशी जुळतात, म्हणून शब्द एकटा निकाल देऊ शकत नाही. निकालासाठी तारीख असलेला कागद हवा: कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या जुन्या फियाटचं मॅन्युअल, वर्तमानपत्रातली जाहिरात, गॅरेजचं बिल. शब्द आधी कुठे आणि कुठल्या द्रवासाठी आला, हे त्यातून ठरेल.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. ‘ऑइल’ या नावावर विश्वास ठेवून कुणी ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओतलं, तर सील फुगतात आणि ब्रेक निकामी होऊ शकतात. १,००० किलोची गाडी ४०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ३९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे साधारण १३ लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. इंजिन आणि वारा यातला काही भाग घेतात, बाकीची उष्णता ब्रेकवर येते.

आकडेही नावासारखेच फसवतात. डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा २३० असावा लागतो. पण हे ताज्या, कोरड्या द्रवाचे आकडे. ग्लायकॉल हवेतली ओल शोषतं. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावरचे किमान आकडे १४० आणि १५५ आहेत. द्रव उकळला की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जातं. म्हणून कुठलाही आकडा वाचताना विचारा: हा कोणत्या अवस्थेत मोजला?

डॉट ५ आणि डॉट ५.१ बघा. वाटतं, दुसरा पहिल्याची सुधारित आवृत्ती. प्रत्यक्षात डॉट ५ सिलिकॉनचा, तर ५.१ पुन्हा ग्लायकॉलच्या कुळातला. ही दोन कुळं एकमेकांत मिसळायची नाहीत.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. टाकीच्या झाकणावर आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेला डॉटच घ्यायचा. डबा सीलबंद हवा. उघडा राहिलेला वापरायचा नाही. साधारण दर दोन वर्षांनी, किंवा मॅन्युअल सांगेल तेव्हा, द्रव बदलायचा. बदलताना टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, आणि मॅन्युअलमधल्या क्रमाने प्रत्येक चाकातली एअर काढायची. पावसाळ्यात ओल आणि घाट दोन्ही वाट्याला येणाऱ्या जव्हार-मोखाड्यात हे टाळण्यासारखं काम नाही.

आता तुमच्यासाठी सराव. तुमच्या विषयातलं एक रुळलेलं नाव घ्या आणि कागदावर तीन रकाने करा: नाव काय सुचवतं, दुसरं कोणतं स्पष्टीकरण तितकंच जुळतं, आणि दोघांत निवड करायला कोणता तारखेचा कागद लागेल. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर पुढच्या आठवड्यात कुठल्या दप्तरात जायचं ते तुम्हाला कळलं.