मस्टरवरचे २४० दिवस

महाशिवरात्रीला मार्कंड्याला गेलो की आपण सगळे एकच विषय काढतो. देवळाचं काम कधी पूर्ण होणार? वैनगंगेच्या काठावर उभं राहून पुरातत्त्व खात्याला दोन शब्द सुनवायचे, प्रसाद घ्यायचा आणि परतीची गाडी पकडायची. मीही तेच करतो. पण एटापल्लीला परतताना शेजारी बसलेल्या एका पोराने भलताच प्रश्न विचारला. कुठल्याशा उत्खननावर तो एक हंगाम माती उचलून आला होता. म्हणाला, "दादा, चार महिने काम केलं. पण आम्ही नेमके कोणाचे कामगार?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी कामाबद्दल. उत्खनन म्हणजे नुसता खड्डा खणणं नव्हे. मातीचा रंग बदलला, गैतीचा आवाज बदलला, खापरं दिसू लागली की हात आखडता घ्यायचा. हे पहिल्यांदा कळतं ते गैती धरणाऱ्याला, साहेबाला नंतर. घमेलं उचलणारी बाई आणि चाळणीवर बसणारी बाई यांचीही नजर तयार झालेली असते. तरी मस्टरवर त्यांच्या नावापुढे शब्द असतो 'अकुशल'. आणि अहवाल छापून येतो तेव्हा संचालक, सहायक, छायाचित्रकार, नकाशे काढणारे अशी नावं येतात. मजूर येतो तो बहुतेक वेळा 'स्थानिक मजूर' या दोन शब्दांत.

आपल्या विदर्भातच किती ठिकाणं खणली गेली! पवनी, पवनार, अडम, माहुरझरी, मनसर. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडला तर महापाषाणयुगातली लोखंड गाळायची भट्टी सापडली. सुरजागडच्या डोंगराखाली राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या भट्टीचं अप्रूप जास्तच वाटायला हवं. ती भट्टी न फोडता मातीतून मोकळी करणारे हात कोणाचे होते, ते आपल्याला माहीत नाही.

एक नाव मात्र टिकलं आहे. १९७४ साली अहमदनगर जिल्ह्यात दायमाबादला छबू लक्ष्मण भिल यांना झुडपाच्या बुडाशी खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. चारही मिळून ६० किलोंहून जास्त वजन. आज त्या देशाच्या ठेव्यात मोजल्या जातात. पण हे लक्षात घ्या की ते कोणाच्या मस्टरवर नव्हते. त्यांचं ते स्वतःचं खणणं होतं. रोजावर असते तर त्यांचं नाव उरलं असतं का, याची मला शंका आहे.

बाहेर काय झालं ते थोडक्यात. इजिप्तमध्ये फ्लिंडर्स पेट्री मजुराला रोजाशिवाय सापडलेल्या वस्तूचं बक्षीस द्यायचा, म्हणजे वस्तू दलालाकडे जाऊ नये. १८९३-९४ मध्ये किफ्त गावी त्याने माणसं तयार केली. त्या गावचे लोक पिढ्यानपिढ्या उत्खननाचे मुकादम झाले आणि 'किफ्ती' हे जणू पदच बनलं. मान मिळाला, पण हक्क वेगळी गोष्ट. ब्रिटनमध्ये १९९० नंतर बांधकामाआधीच्या उत्खननाचा खर्च बांधणाऱ्यावर आला, खासगी कंपन्या आल्या आणि पदवीधर पोरंसुद्धा काही आठवड्यांच्या करारावर फिरू लागली. तिथे 'प्रॉस्पेक्ट' या युनियनमध्ये पुरातत्त्ववाल्यांची शाखा आहे. आपल्याकडे तसं काही का होत नाही?

त्याला कारण आहे एक आकडा. २४०.

औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर 'सलग सेवा' धरायची, मग नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय काढता येत नाही. आता नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता आली, तरी हा आकडा तसाच आहे. बारमाही चालणाऱ्या गिरणीला तो ठीक. पण उत्खनन पावसाळा सरल्यावर सुरू होतं आणि मृगाच्या आत खड्ड्यावर ताडपत्री पडते. हंगाम पुरा केला तरी २४० भरणार कुठून? देवळांच्या, किल्ल्यांच्या देखभालीवर जे बारमाही रोजंदार होते, त्यांना केंद्राच्या १ सप्टेंबर १९९३ च्या योजनेत 'तात्पुरता दर्जा' मिळण्याची वाट होती. तिथेही अट २४० दिवस, पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कार्यालयात २०६. पण ती योजना त्या तारखेला कामावर असलेल्यांपुरतीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं. नंतर आलेल्यांसाठी दार बंद.

हा आकडा आमच्या घराला चांगला ठाऊक आहे. माझे मामा एका खात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर होते. पिशव्या भरणं, जाळरेषा काढणं, रात्रीची राखण, सगळं. वर्षात सातेक महिने झाले की मस्टरवरचं त्यांचं नाव जायचं आणि मामीचं लागायचं. काम मामाच करायचे. मामांना वाटायचं साहेब मेहरबान आहेत, घरात दोन नावं लावली! खरा हिशेब त्यांना फार उशिरा कळला.

आणि इथेच आपल्या महाराष्ट्राचा एक निकाल सांगायला हवा, कारण तो अशाच माणसांनी लढवला. पुणे आणि अहमदनगर भागातल्या वनीकरणाच्या रोजंदारांनी तक्रार केली की आम्हाला वर्षानुवर्षं मुद्दाम हंगामी ठेवलंय. आधार होता महाराष्ट्राचाच १९७१ चा कायदा, कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित प्रथा रोखणारा. त्याच्या चौथ्या अनुसूचीत सहावी बाब अशी की, कायमपणाचे फायदे बुडवण्याच्या हेतूने बदली, हंगामी म्हणून वर्षानुवर्षं राबवणं ही अनुचित प्रथा. सरकार म्हणालं, झाडं लावणं हे राज्याचं सार्वभौम काम आहे, हा उद्योगच नव्हे. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगन्नाथ मारुती कोंढरे खटल्यात ते म्हणणं फेटाळलं. पुढच्याच महिन्यात, ३१ जानेवारी १९९६ ला, शासन निर्णय निघाला आणि राज्यभरातल्या ८०३८ वनमजुरांना कायम करायचं ठरलं. अट? पाच वर्षं, दरवर्षी किमान २४० दिवस. मामांची तीन वर्षं मामीच्या नावावर होती.

पुढे २००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने कायम करणं थांबवलं. त्या निकालाची ढाल करून सगळ्याच खात्यांनी रोजंदारांना हाकललं, असं माझं मत. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात, म्हणजे केंद्रीय जल आयोगातल्या सफाईवाल्या बायका आणि माळी यांच्या खटल्यात, न्यायालयाने खडसावलं की उमादेवीचा असा गैरवापर करू नका. बरं झालं. पण खटला लढायला माणूस लागतो, आणि एटापल्लीहून चंद्रपूरच्या कामगार न्यायालयात एका तारखेला जायचं म्हणजे दोन दिवसांचा रोज बुडाला.

मग युनियन? कायद्याने सात जणांत नोंदवता येत असे. २००१ च्या दुरुस्तीनंतर त्या आस्थापनेतले दहा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते, आणि कमीत कमी सात. चाळीस मजुरांच्या साइटवर सात जण जमतीलही. पण कागद फिरून येईपर्यंत खड्डा बुजलेला असतो आणि ते सात जण तेंदूच्या फळीवर नाहीतर मिरची तोडायला तेलंगणात गेलेले असतात. साइटवार युनियन इथे चालणार नाही. मला तरी तसंच वाटतं.

चालू शकेल अशी गोष्ट महाराष्ट्रानेच १९६९ मध्ये करून दाखवली आहे. माथाडी कायदा. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून त्याची नोंद मालकाकडे न ठेवता मंडळाकडे ठेवली. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने हे मिळवलं ते मुंबईच्या गोद्यांतल्या आणि बाजारांतल्या माणसांसाठी. उत्खननावरच्या मजुराचं दुखणं अगदी तेच आहे. आज विद्यापीठ, उद्या केंद्राचं खातं, परवा राज्याचं, मध्ये ठेकेदार.

तोवर त्या पोराला एवढंच सांगितलं. जुन्या देवळाच्या, गढीच्या दुरुस्तीवर काम केलं असेल तर ते बांधकामात मोडतं, कारण कायद्याच्या व्याख्येत 'दुरुस्ती' हा शब्द आहे. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात ९० दिवस पुरतात. २४० नव्हे. प्रमाणपत्र ठेकेदार देत नसेल तर ग्रामसेवकाकडे विचार. आणि हजेरीच्या पानाचा दर आठवड्याला मोबाइलवर फोटो काढ, तुझंच नाव आहे ना ते बघ.

तो म्हणाला, "दादा, मस्टर आम्हाला दाखवतच नाहीत. कोऱ्या कागदावर अंगठा घेतात."

आपल्या तालुक्यातून कोणी उत्खननावर किंवा देवळाच्या दुरुस्तीवर गेलं असेल, कुठल्याही साली, तर साइटचं नाव आणि किती दिवस भरले ते मला कळवा. माणसांची नावं जाहीर करणार नाही. एका वहीत लिहायला सुरुवात केली आहे, पहिलं पान त्या पोराचं.