चिंच आणि शिवराई

चिंचेने घासलेला तांब्या लखलखतो, तशीच जुनी शिवराईही उजळेल असे विद्यार्थ्यांना वाटते. चिंचेतील टार्टारिक आम्ल तांब्यावरील ऑक्साइडचा काळा थर विरघळवते, हे खरे. पण शिवराई म्हणजे भांडे नव्हे. १६७४ साली राज्याभिषेक झालेल्या शिवाजी महाराजांच्या या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असतात. पुढे पेशवाईतही शिवराया पाडल्या गेल्या. अक्षरांच्या वळणावरून अभ्यासक त्यांचा काळ ताडतात. गंजताना पृष्ठभागावरचे तांबेच क्षारांत बदलते आणि अक्षरांचे बारकावे अनेकदा त्या थरातच उरतात. आम्लाने थर गेला, की पुरावाही गेला. तेव्हा वर्गात प्रयोग जरूर करावा, पण काळवंडलेल्या तारेवर. नाणे न घासता भिंगाखाली वाचावे.