चांदा जिल्ह्यातील तलाव, धान आणि नत्र

वर्धा आणि वैनगंगा या नद्यांच्या दरम्यान वसलेला गोंडपिपरीचा मुलूख जुन्या चांदा जिल्ह्यात मोडत असे. या जिल्ह्याच्या पश्चिमेस कापूस आणि पूर्वेस धान ही प्रमुख पिके होत. पावसाचे मान धानास पुरेसे असले तरी भाद्रपद-आश्विनात, लोंबी निसवण्याच्या सुमारास, पाऊस ओढ देतो. हा खंड भरून काढण्यासाठीच येथील तलाव व बोड्या निर्माण झाल्या. जो तलाव बांधील त्यास त्याच्या पाण्याखालील जमीन मिळावी, असा गोंड राजांचा नियम असल्याचे परंपरा सांगते. तलाव बांधण्याच्या कामी कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे.

या व्यवस्थेत पाणी आणि खत हे दोन वेगळे प्रश्न नव्हते. तलावातील गाळ उन्हाळ्यात बांधीत पडे. त्यायोगे जमिनीचा कस वाढे आणि तलावाची साठवणही टिके. शास्त्रानेही हा संबंध पुढे स्पष्ट केला. पाण्याखालील बांधीत अमोनियाच्या रूपातील नत्र टिकून राहते. परंतु बांधी सुकली की त्याचे नायट्रेट बनते, आणि पुन्हा पाणी भरताच ते वायुरूपाने उडून जाते. शिवाय साचलेल्या पाण्यातील नीलहरित शैवाल हवेतील नत्र स्थिर करते, हे प्र. कु. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले.

मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्यान्वये १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी वर्चस्वाचा अंत झाला, हे इष्टच होय. परंतु पाळ, मोरी व सांडवा यांची दरसालची डागडुजी कोणी करावी, हा प्रश्न मात्र अनिर्णीत राहिला. त्याच वर्षी सिंद्रीच्या कारखान्यात अमोनियम सल्फेटचे उत्पादन सुरू झाले. १९६६ नंतर 'आयआर ८' सारखे खतास प्रतिसाद देणारे वाण आले. अशा रीतीने नत्र पोत्यातून येऊ लागले, तर पाणी गाळाने भरलेल्या तलावावर अवलंबून राहिले.

या वाणांचे उत्पन्न खात्रीच्या पाण्यावाचून मिळत नाही. पाण्याचा खंड पडला की विकत घेतलेले नत्रही वाया जाते आणि कर्ज तेवढे उरते. म्हणून धानपट्ट्यातील खतवापराचा इतिहास केवळ पोत्यांच्या संख्येवरून मांडणे अपुरे होय. तो तलावाच्या पाळीपासूनच आरंभावा लागतो.