जर्मन पॅनकेक: एका नाश्त्याच्या नावाची लढाई



गेल्या काही भागांत आपण किल्ले पाहिले, तोफा पाहिल्या, मोहिमा पाहिल्या. आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, साहेब निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघरात शिरले वाटतं! खरंच शिरलोय. पण तिथेही मला एक लढाई सापडली. आणि त्या लढाईत मी स्वतः एकदा चुकीच्या बाजूला उभा राहिलो होतो. ते शेवटी सांगतो, आधी नाश्ता.

आमच्या सिकंदराबादच्या घरात रविवारचा नाश्ता माझ्याकडे असतो. पोहे, उपमा बायको माझ्यापेक्षा शंभरपट चांगले करते, म्हणून मी तिच्या प्रांतात घुसत नाही. मी करतो ओव्हनमधला जर्मन पॅनकेक. सोपा आहे. तीन अंडी, अर्धा कप मैदा, अर्धा कप दूध, चिमूटभर मीठ, एक चमचा साखर. सगळं मिक्सरमधून एकदा फिरवायचं. गुठळी राहता कामा नये. पीठ आपल्या घावनाच्या पिठासारखं पातळ हवं. दहा मिनिटं तसंच ठेवायचं. तोवर ओटीजी 220 अंशांवर तापवायचा आणि त्यातच बिडाचा तवा किंवा जाड, काठ असलेलं भांडं तापत ठेवायचं. तवा चांगला तापला की त्यात दोन मोठे चमचे लोणी टाकायचं, ते फसफसलं की लगेच पीठ ओतायचं आणि दार बंद. पंधरा ते वीस मिनिटं दार उघडायचं नाही. हा हुकूम आहे. घाई केली तर फुगलेला पॅनकेक आतच बसतो.

यात बेकिंग पावडर नाही, सोडा नाही, यीस्ट नाही. मग फुगतो कशानं? वाफेनं. पाण्याची वाफ झाली की तिला पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा लागते. तापलेल्या तव्याला लागल्याबरोबर दुधातल्या आणि अंड्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पिठाला वर ढकलते. अंड्यातलं प्रथिन तेवढ्यात घट्ट होऊन त्या वाफेला कोंडून धरतं. काठ भांड्याच्या भिंतीवरून वर चढतात, मधे खोलगट भाग राहतो. बाहेर काढल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत तो खाली बसतो. घाबरू नका, बसायचाच असतो. वर पिठीसाखर भुरभुरायची, लिंबू पिळायचं, की झालं.

मला हा प्रकार नवा नव्हता. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या मेसमधला जुना कुक कधीमधी यॉर्कशायर पुडिंग करायचा. तेच पीठ, तीच तापलेल्या भांड्याची युक्ती, फक्त लोण्याऐवजी मांसाची चरबी आणि साखरेऐवजी ग्रेव्ही. इंग्लंडमध्ये 1737 साली त्याची कृती छापून आली, तेव्हा त्याला ‘ड्रिपिंग पुडिंग’ म्हणत. भाजणाऱ्या मांसातून ठिबकणाऱ्या चरबीखाली ते भांडं ठेवत असत. 1747 मध्ये हॅना ग्लास या बाईंनी आपल्या पाकपुस्तकात त्याला ‘यॉर्कशायर पुडिंग’ म्हटलं आणि ते नाव टिकलं. म्हणजे पदार्थ एक आणि नावं अनेक, ही गोष्ट तेव्हापासूनची.

गेल्या सुट्टीत आमची नात आली होती. पॅनकेक फुगताना ओव्हनच्या काचेला नाक लावून बसली होती. तिनं विचारलं, “आबा, याला जर्मन पॅनकेक का म्हणतात? आईच्या फोनवर तर याचं नाव डच बेबी लिहिलंय. जर्मन की डच?”

प्रश्न छोटा, उत्तर मोठं. पहिली गंमत अशी, की जर्मनीत याला कोणी ‘जर्मन पॅनकेक’ म्हणत नाही. तिथला फानकुखन म्हणजे चुलीवर तव्यात केलेला चपटा, गोडसर प्रकार. आपल्या धिरड्याचा दूरचा भाऊ. बर्लिनमध्ये फानकुखन मागितलात, तर जॅम भरलेला तळलेला गोळा समोर येतो. आपण ओव्हनमध्ये करतो तो प्रकार या नावानं रूढ झाला अमेरिकेत.

आणि तो डचही नाही. जर्मन लोक स्वतःच्या भाषेला ‘डॉइच’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत ‘डच’ हा शब्द हॉलंडबरोबरच जर्मन भाषा बोलणाऱ्यांसाठीही सर्रास वापरला जाई. 1683 साली पेनसिल्वेनियात जर्मनटाउन ही वसाहत वसली. तिथे आणि आसपास पुढे आलेल्या जर्मनांच्या वंशजांना आजही ‘पेनसिल्वेनिया डच’ म्हणतात. ‘डच बेबी’ हे नाव मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, सिएटल शहरातल्या मांका कुटुंबाच्या रेस्टॉरंटमधलं. त्या घरात सांगितली जाणारी हकिकत अशी, की मालक व्हिक्टर मांका यांच्या एका मुलीला ‘डॉइच’ म्हणता येईना, ती ‘डच’ म्हणे. तिथे छोटे छोटे पॅनकेक द्यायचे, म्हणून ‘बेबी’. नातीला ही गोष्ट एकदम पटली, कारण तिलाही ‘डॉइच’ म्हणता येत नव्हतं.

इथे गोष्ट संपली असती. पण काळाकडे बघा. विसाव्या शतकाचा पूर्वार्ध, अमेरिका, आणि पदार्थाच्या नावात ‘जर्मन’. त्या काळात हे नाव किती जड होतं, हे सैनिकाच्या नजरेनं पाहायला हवं.

1910 च्या सुमारास अमेरिकेची लोकसंख्या नऊ कोटींच्या वर होती. त्यात 80 लाखांहून अधिक लोक असे होते, की जे स्वतः जर्मनीत जन्मले होते किंवा ज्यांचे आईवडील तिथून आले होते. त्यांच्या शाळा होत्या, वर्तमानपत्रं होती, बेकऱ्या होत्या. 6 एप्रिल 1917 रोजी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि हे शेजारी रातोरात संशयित झाले. आंबवलेल्या कोबीला, म्हणजे सावरक्राउटला, ‘लिबर्टी कॅबेज’ म्हणायला लागले. हॅम्बर्गर हे नाव हॅम्बुर्ग शहरावरून आलेलं, म्हणून तो ‘लिबर्टी स्टेक’ झाला. 1918 मध्ये आयोवाच्या गव्हर्नरांनी फर्मान काढलं, की शाळेत, चर्चमध्ये, रस्त्यावर, टेलिफोनवर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही.

आता यात हसण्यासारखं वाटेल. कोबीचं नाव बदललं, काय बिघडलं? पण नावं बदलण्यावर ते थांबलं नाही. इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल गावात रॉबर्ट प्रागर नावाचा माणूस होता. जन्म जर्मनीतला. गावात आला तेव्हा एका बेकरीत पाव भाजायचं काम करायचा, नंतर कोळशाच्या खाणीत लागला. त्यानं अमेरिकन नौदलात भरती व्हायचा प्रयत्न केला होता, पण शारीरिक कारणावरून त्याला घेतलं नाही. 5 एप्रिल 1918 रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, जमावानं त्याला हेर ठरवून झाडाला फाशी दिलं. मरण्याआधी आईवडिलांना चार ओळी लिहू दिल्या, एवढीच दया. अकरा जणांवर खटला चालला. सगळे निर्दोष सुटले.

आणि त्याच वेळी फ्रान्समध्ये अमेरिकन फौजेचं नेतृत्व कोण करत होतं? जनरल पर्शिंग. त्यांचे पूर्वज जर्मन. पुढच्या महायुद्धात, 1944 साली, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जर्मनांविरुद्ध फौजा उतरवल्या त्या आयझेनहॉवर यांनी. त्यांचं घराणंही पेनसिल्वेनियातल्या त्याच जर्मन वस्तीतलं. ज्यांच्या आडनावावर संशय घ्यायचा, तीच माणसं युद्ध जिंकून देत होती.

इंग्लंडही यात मागे नव्हतं. 17 जुलै 1917 रोजी राजे पंचम जॉर्ज यांनी आपल्या घराण्याचं जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ हे नाव घेतलं. त्याच वेळी बॅटनबर्ग कुटुंब ‘माउंटबॅटन’ झालं. आपले शेवटचे व्हाइसरॉय त्याच घरातले. जर्मन शेफर्ड कुत्र्याचंही नाव बदललं. फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवरच्या अल्सेस प्रांतावरून त्याला ‘अल्सेशियन’ केलं. तिथल्या केनेल क्लबनं 1977 साली पुन्हा ‘जर्मन शेफर्ड’ म्हणायला परवानगी दिली. आपल्याकडे अजूनही कित्येक जण अल्सेशियनच म्हणतात. मेरठला असताना मी सैन्याच्या श्वानांचं प्रशिक्षण जवळून पाहिलंय. कुठलंही नाव लावा, ते कुत्रं सुरुंग तितक्याच इमानानं शोधतं.

आता माझ्याबद्दल. 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामाला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 40 जवान गेले. त्या आठवड्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. चहाबरोबर बायकोनं नेहमीची फ्रूट बिस्किटं ठेवली. डब्यावर नाव होतं कराची बेकरी. मी डबा सरकवला आणि म्हणालो, “हे नाव या घरात नको.” बायको काही बोलली नाही. डबा उचलून आत नेला. त्याच दिवसांत बंगळुरूमध्ये जमावानं धमकावल्यावर त्या बेकरीच्या एका शाखेनं पाटीवरचा ‘कराची’ हा शब्द झाकला, हे मी बातमीत वाचलं, आणि खरं सांगतो, तेव्हा मला बरंही वाटलं.

दोन दिवसांनी बायको एवढंच म्हणाली, “ज्यानं हे नाव ठेवलं, तो कराचीहून हौसेनं आला होता का?” ती बेकरी 1953 साली हैदराबादेत खानचंद रामनानी यांनी काढली. ते सिंधी होते. फाळणीत कराची सोडून यावं लागलेले. शहर गेलं, घर गेलं, नाव तेवढं बरोबर आणता आलं. ते नाव पाकिस्तानचं कौतुक नव्हतं, पाकिस्ताननं हिरावून घेतलेल्या घराची आठवण होती. इतकी वर्षं वर्दीत काढलेल्या मला हे कळायला हवं होतं. बायकोला आधी कळलं.

मे 2025 मध्ये सीमेवर तोफा धडधडल्या, त्यानंतर जयपूरच्या काही मिठाईवाल्यांनी ‘मैसूर पाक’चं ‘मैसूर श्री’ केलं. मराठी माणसाला यात काय सांगायचं? पाक म्हणजे साखरेचा पाक! आपल्या आज्या एकतारी, दोनतारी पाक करत आल्या, तेव्हा पाकिस्तान हा शब्दही जन्माला आला नव्हता.

आणि आपलंच उदाहरण घ्या. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई पोर्तुगीजांकडून घेतली. डिसेंबर 1961 मध्ये आपल्या सैन्यानं गोवा मुक्त केला. पण पाव हा शब्द पोर्तुगीज, बटाटाही त्यांच्याकडूनच आलेला. वडापाव खाताना कोणाला शत्रू आठवत नाही. कोणी त्याला ‘मुक्तीवडा’ म्हटलं नाही. ते शहाणपण आपल्याकडे होतं.

शत्रू ओळखणं हे सैनिकाचं पहिलं काम. त्यात ढिलाई चालत नाही, हे मी आजही म्हणेन. पण शत्रू ओळखायचा म्हणजे तो नेमका कुठे आहे ते ओळखायचं. जो ताटात, पाटीवर, शेजाऱ्याच्या आडनावात शत्रू शोधतो, तो निशाण धरायला चुकतोय. मी चुकलो होतो.

नातीनं शेवटी विचारलं, “मग आपण याला काय म्हणायचं?” मी म्हटलं, तू ठरव. तिनं काठाचा कुरकुरीत तुकडा तोडला आणि म्हणाली, “फुगा.” आता रविवारी आमच्या घरी फुगा होतो. सोबत चहा आणि त्याच डब्यातली फ्रूट बिस्किटं.

करून बघा आणि दार उघडू नका. भेटूया पुढच्या भागात. जय हिंद.