घारीच्या पंजातले कोलीत

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, विशेषतः नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात, साधारण मे ते ऑक्टोबर हा कोरडा ऋतू असतो आणि त्या काळात वाळलेल्या गवताळ माळरानांवर वारंवार वणवे लागतात. वणव्याच्या कडेला काळी घार, शीळ घालणारी घार आणि तपकिरी ससाणा हे तीन शिकारी पक्षी मोठ्या संख्येने जमतात आणि ज्वाळांपुढे पळणारे टोळ, सरडे व उंदीर टिपतात. यांपैकी काळी घार म्हणजे भारतीय शहरांवर घिरट्या घालणाऱ्या परिचित घारीचीच जाती होय. हे पक्षी वणव्याचा लाभ घेतात, याविषयी अभ्यासकांत मतभेद नव्हता. मात्र ते धुमसती काटकी चोचीत किंवा पंजात उचलून न जळलेल्या गवतात टाकतात आणि नवी आग लावतात, हे तेथील अ‍ॅबओरिजिनल, म्हणजे मूळ रहिवासी समाजांचे म्हणणे दीर्घकाळ दंतकथेच्या सदरात ठेवले गेले.

वस्तुतः हे ज्ञान दडलेले नव्हते. रोपर नदीच्या परिसरातील अलावा समाजाचे वायपुल्डान्या यांच्या तोंडून ऐकलेले आत्मकथन पत्रकार डग्लस लॉकवुड यांनी 1962 मध्ये ‘आय, द अ‍ॅबओरिजिनल’ या नावाने प्रसिद्ध केले आणि त्यात ससाण्यासारखा पक्षी पंजात कोलीत धरून दूरच्या सुक्या गवतात टाकतो व बाहेर पळणाऱ्या भक्ष्याची वाट पाहतो, याचे स्पष्ट वर्णन आहे. शिवाय काही समाजांच्या पवित्र विधींतही आग वाहून नेणारा हा पक्षी साकारला जातो.

या साक्षीकडे झालेल्या दुर्लक्षाचे मूळ आगीविषयीच्या वसाहतकालीन समजुतीत शोधावे लागते. जेम्स कुक यांनी 1770 मध्ये पूर्व किनाऱ्यालगत प्रवास करताना ठिकठिकाणी धूर पाहिल्याची नोंद केली. परंतु पुढे आलेल्या वसाहतवाल्यांना मूळ रहिवाशांचे गवत जाळणे बहुधा उधळमाधळ वाटले. पुरातत्त्वज्ञ ऱ्हिस जोन्स यांनी 1969 मध्ये ‘अग्निकाष्ठ शेती’ ही संकल्पना मांडली, म्हणजे शिकार आणि नवे गवत यांसाठी जमिनीचे तुकडे हेतुतः जाळण्याच्या पद्धतीला शेतीच्या तोडीचे स्थान दिले, आणि हा दृष्टिकोन बदलू लागला. तरीही आग वापरणारा म्हणून केवळ माणूसच मान्य झाला. पक्ष्याची गोष्ट बाहेरच राहिली.

भूगोलज्ञ मार्क बोन्टा, पक्ष्यांचे अभ्यासक बॉब गॉसफोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये ‘जर्नल ऑफ एथ्नोबायोलॉजी’ या नियतकालिकात या साक्षी एकत्र केल्या, तेव्हा त्यांत मूळ रहिवाशांबरोबरच वणवे विझवणाऱ्या बिगर-आदिवासी कर्मचाऱ्यांचीही निरीक्षणे होती. त्या निरीक्षणांनुसार पक्षी एकटे किंवा गटाने, सुमारे 1 किलोमीटरपर्यंत पेटत्या काटक्या नेतात. त्यामुळे जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळा केलेला पट्टा, किंवा रस्ता वा ओढा ओलांडून लागलेल्या आगीचे खापर प्रत्येक वेळी वाऱ्याने उडालेल्या ठिणगीवर फोडता येत नाही. हा पुरावा प्रामुख्याने प्रत्यक्षदर्शींच्या कथनावर उभा असून त्यामागे नियंत्रित प्रयोग नाही, ही त्याची मर्यादा मान्य करावी लागते. पण परस्परांशी संबंध नसलेल्या इतक्या साक्षी एकमेकींशी जुळतात, तेव्हा त्या केवळ कल्पित म्हणून बाजूला सारणे अवघड ठरते.

या प्रश्नाला व्यावहारिक बाजूही आहे. पश्चिम आर्नहेम लँडमध्ये 2006 पासून मूळ रहिवासी वनरक्षक कोरड्या ऋतूच्या आरंभी लहान, सौम्य आगी लावून पुढच्या महिन्यांतील भीषण वणवे आणि त्यांतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करतात. म्हणजे तेथील आगीचे नियोजन आज त्याच समाजांच्या परंपरागत अनुभवावर आधारले आहे. मग गवत केव्हा जाळावे, यासाठी ज्यांचा शब्द प्रमाण मानला जातो, त्यांचाच घारीविषयीचा शब्द संशयास्पद ठरवण्यास सबळ आधार उरत नाही. वायपुल्डान्या यांचे कथन छापले गेल्यापासून ते शोधनिबंध प्रसिद्ध होईपर्यंत 55 वर्षे गेली.