कंपू आणि कॅम्प

हिंडलग्याहून बेळगावात येताना लष्करी वसाहत लागते. तिला तिकडचा मराठी माणूस ‘कॅम्प’ म्हणतो; आणि तोच माणूस गावच्या राजकारणावर बोलू लागला की ‘त्यांचा कंपू’ म्हणतो. पहिला शब्द इंग्रजी व दुसरा त्याचाच अपभ्रंश, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे आणि वर्गातही आपण तेच सांगतो. ती समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

मूळ दोहोंचे एकच : लॅटिन ‘काम्पुस’, म्हणजे सपाट मैदान. रोममध्ये अशाच एका मैदानावर सैन्याची कवाईत चाले. या मैदानाची संतती मोठी नवलाची. जर्मन भाषेत त्याची लढाई झाली, मैदान मारणारा ‘चँपियन’ झाला, मोकळ्या मुलखातील मोहीम ‘कँपेन’ झाली, आणि अठराव्या शतकात अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या विद्यालयाचे आवार ‘कॅम्पस’ झाले. शँपेनही याच कुळातली; तिला येथे बाजूस ठेवू.

मग ‘कंपू’चा अंत्य ऊकार कोठला? पोर्तुगीज ‘कांपो’ उच्चारताना शेवटचा ओ जवळजवळ उ होतो. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाचा (१८८६) कौलही पोर्तुगीजकडेच आहे, व तो मला ग्राह्य वाटतो. ‘पंप’चा पंपू किंवा ‘स्टँप’चा स्टँपू मराठीने केलेला नाही.

अर्थाचा इतिहास याहून बोलका आहे. महादजी शिंदे यांनी १७८४ मध्ये डी बॉयन यास चाकरीस घेतले. त्याने उभारलेल्या कवायती पलटणींच्या तुकडीस ‘कंपू’ म्हणत. फौज शिंद्यांची, परंतु हुकूम गोऱ्या सरदाराचा, आणि खर्चासाठी लावून दिलेला दुआबातील मुलूखही त्याच्याच हाती. १७९५ च्या अखेरीस तो गेला व पेराँ आला. १८०३ च्या सप्टेंबरात, युद्ध ऐन भरात असता, पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला लासवारीस कंपूचे शिपाई प्राणपणाने लढले, हे येथे सांगितलेच पाहिजे. दोष त्यांचा नव्हता.

धन्यापेक्षा आपल्या म्होरक्याकडे पाहणारी टोळी, हा ‘कंपू’चा आजचा अर्थ याच व्यवस्थेतून रुजला असावा, असे माझे मत आहे. इंग्रजी ‘कॅम्प’लाही गटाचा अर्थ आहे, पण त्यात उपहास नाही. मराठीत मात्र कंपू नेहमी दुसऱ्यांचा असतो.

बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये मन्रोने घेतला आणि पुढे तेथे इंग्रजांचा तळ वसला. तोवर ‘कंपू’ माणसांना चिकटलेला होता. जागेसाठी नवा शब्द आला तो ‘कॅम्प’.