गळकी टाकी आणि झाळकाम: वेंगुर्ल्याच्या एका धंद्याची हकीकत

वेंगुर्ल्याचे नाव निघाले म्हणजे इतिहासलेखक सहसा डचांच्या वखारीपाशी थांबतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रातून कोंडी करणाऱ्या डच जहाजांना अन्नपाणी पुरवणारी ती वखार, 1812 साली सावंतवाडीकरांकडून इंग्रजांच्या अंमलाखाली गेलेले बंदर, आणि आंबोलीचा घाट चढून बेळगावास पोहोचणारा त्याचा व्यापार, एवढी सामग्री कोणत्याही दप्तराला पुरून उरण्यासारखी आहे. परंतु कोणत्याही मामलेदाराने ज्याची दखल घेतली नाही आणि कोणत्याही जकातीच्या वहीत ज्याला रकाना मिळाला नाही, असा एक हलका समजला गेलेला उद्योग या किनाऱ्याच्या हवेने आणि या घाटवाटेने पोसला. मोटारीची गळकी टाकी थोडक्या पैशांत झाळून देण्याचा तो उद्योग होय.

त्याचे मूळ मोटारीपेक्षा जुने आहे. नवसागराची चिमूट तापल्या भांड्यात टाकून, तिच्या पांढऱ्या धुरात कापसाच्या बोळ्याने कथील फिरवणारा कल्हईवाला कोकणातल्या प्रत्येक पेठेच्या परिचयाचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशिया-अमेरिकेचे रॉकेल पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून येऊ लागले, आणि चार गॅलनांचा, म्हणजे सुमारे अठरा लिटरांचा, तो रिकामा डबा घरोघर पाण्याला, धान्याला आणि मापाला चालू लागला. डबा आला तशी त्याची गळतीही आली. कापणे, दुमडणे, कडी लावणे आणि कथील-शिशाच्या मिश्रणाने सांधा झाळणे हे पत्र्याचे काम कल्हईच्या विद्येला इतके लागून होते की एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यास त्याला फार वेळ लागण्याचे कारण नव्हते.

पुढे मोटार आली, तेव्हा तिच्या पोटातील टाकी या कारागिराला परकी वाटली नसावी. तत्कालीन पुष्कळ टाक्या ज्या पोलादी पत्र्याच्या होत्या, त्यावर मूळ कारखान्यातच शिसे आणि अल्पसे कथील यांचा मुलामा दिलेला असे. आणि ज्या धातूंनी कारागीर झाळत होता तेच धातू पत्र्यावर आधीच बसलेले असल्याने त्याची झाळ तेथे सहज धरे. परदेशी कारखानदाराने गंज रोखण्यासाठी केलेली ही योजना आपल्याकडच्या गरीब दुरुस्तीला अशी अनायासे अनुकूल ठरली.

गंज मात्र रोखला गेला नाही. ज्या समुद्राच्या पाण्यावर जवळच शिरोड्याची मिठागरे पिकतात त्याचा खारा वारा बाहेरून, आणि आतून पाणी. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात दमट हवा आत घेते, रात्री पत्रा थंडावला की त्या हवेतील बाष्प थेंबाथेंबाने जमते, आणि पाणी पेट्रोलहून जड असल्याने तळाशी जाऊन महिनोन्महिने तेथेच राहते. म्हणून टाकी बहुधा सर्वात खालच्या कोपऱ्यात, सांध्याच्या दुमडीत, किंवा जिथे ती बांधणारा पट्टा चिखल धरून ठेवतो त्याच्या आड सडते. जी गाडी पावसाळाभर उभी ठेवायची तिची टाकी काठोकाठ भरून ठेवावी, हा जुन्या वाहनचालकांचा नियम उधळपट्टीचा वाटतो खरा, पण त्याच्यामागे हाच हिशेब आहे.

घाटाने या गळतीला वेगळेच गांभीर्य दिले. फोर्डच्या टी नमुन्याच्या मोटारीत पेट्रोल केवळ उंचीच्या फरकाने इंजिनाकडे उतरत असे. टाकीत माल कमी असता तीव्र चढणीवर ते पोहोचेना, आणि चालकाला गाडी उलटी फिरवून मागच्या मागे चढवावी लागे. समुद्रसपाटीवरून निघून सातशे मीटरच्या आसपास उंचीच्या आंबोलीला जाणाऱ्या रस्त्यावर थेंबथेंब गळणारी टाकी म्हणजे केवळ पैशाचा अपव्यय नव्हे, तर अर्ध्या चढणीवर अडकण्याची हमी होय. त्यातच 1888 च्या सुमारास मुरगावचा लोहमार्ग सुरू झाल्यापासून बेळगावचा व्यापार वेंगुर्ल्याच्या हातून निसटत गेला होता, आणि पावसाळ्यात आगबोटीही बंद. मुंबईहून नवी टाकी मागवावी तर ती नारळी पौर्णिमेनंतर यावी. ज्या गावाला चार महिने सुटे भाग मिळणे दुर्घट, त्या गावाने दुरुस्तीचाच आश्रय केला तर त्यात नवल कसले? दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर शिधावाटप आले, ठिकठिकाणी कोळशाच्या वायूवर मोटारी धावू लागल्या, आणि एरवी दुर्लक्षिली गेलेली गळतीही तेव्हा चालकाला सलू लागली.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू, कारण या धंद्याचे खरे शहाणपण तिच्यातच आहे, आणि ते अग्नीत नसून पाण्यात आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातक, हे नवशिक्याला पटत नाही. परंतु पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्क्यांपर्यंत मिसळली की ती स्फोटक होते, आणि ओतून टाकलेल्या टाकीच्या कोपऱ्यांत नेमके एवढेच उरते. तेव्हा टाकी प्रथम उघड्यावर न्यावी, आसपास विडी-चूल नसावी. धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्याने ती वारंवार घुसळून धुवावी. आतला गंज सुटावा म्हणून गुळगुळीत खडे किंवा सायकलची जुनी साखळी घालून हलवावी. मग छिद्र वर येईल अशी ती टेकवून, छिद्राच्या जरा खालपर्यंत पाणी भरावे व तोंड उघडे ठेवावे, म्हणजे वाफेला आत फारशी जागा राहत नाही. एवढे झाल्यावर कानसीने पत्रा पांढरा होईतो घासणे, जस्त विरघळवून मारलेले तेजाब कुंचल्याने लावणे, लोखंडी दांड्यावरचा तांब्याचा ठोकळा दूरच्या शेगडीत तापवून त्याने आधी कथील चढवणे, आणि शेवटी कोपरे गोल कापलेला डब्याच्या पत्र्याचा तुकडा वर बसवून त्याच्या चारी कडांतून चकाकती झाळ वाहू देणे, हे काम काही मिनिटांचे. कोपरे गोल, कारण टोकदार कोपरा गाडीच्या हादऱ्यांनी प्रथम उचलतो. नंतर वाळवलेल्या जोडावर खडूची पूड फासून टाकी भरावी. पुडीवर ओला डाग उमटला नाही तर काम पास.

वाटेत गळती सुरू झाली तर धुण्याच्या साबणाची वडी छिद्रावर घट्ट चोळून घरापर्यंत येण्याची युक्तीही सर्वश्रुत आहे. साबण पेट्रोलमध्ये सहसा विरघळत नाही म्हणून ती चालते, आणि पाण्यात विरघळतो म्हणून पावसात ती फसते! ही युक्ती दुरुस्ती मानून महिने काढणाऱ्यांना माझे हात जोडून एवढेच सांगणे की साबण हा घरी परतण्यापुरता परवाना आहे.

सरकारनेही या धोक्याकडे पाहिले आहे. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याखालच्या नियमांत, पेट्रोलियमचे पात्र वाफमुक्त केल्याखेरीज त्यावर आगीचे काम करू नये, असा बंदोबस्त आहे. पाणी भरून झाळणाऱ्या कारागिराची रीत आणि कायद्याचा हेतू एकच, फक्त एकाची भाषा दफ्तरी आणि दुसऱ्याची हाताची. दुर्घटना घडतात त्या बहुधा गॅसच्या ज्वालेने, ‘एवढ्याशा भोकाला काय होते’ म्हणून टाकी न धुता वेल्डिंग करणाऱ्याच्या हातून.

आजच्या पुष्कळ मोटारींच्या टाक्या प्लास्टिकच्या असून त्यांना कथील लागतच नाही, आणि वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या लोखंडी टाकीतले पाणी ओढून घेते व ते अधिक झाले की तळाशी वेगळे सोडते. त्यामुळे जुन्या दुचाकीच्या मालकाने आता पूर्वीपेक्षा अधिक वेळा तळ तपासणे भाग आहे. राहिला प्रश्न झाळावे की बदलावे याचा. सांध्यात एखादेच छिद्र असून भोवतालचा पत्रा अंगठ्याने दाबता दबत नसेल, तर झाळून घ्यावे. तळ चाळणीसारखा झाला असेल, किंवा कानस लावताच पत्रा भुगा होऊन झडत असेल, तर भंगारातून त्याच जातीची, आतून बॅटरीच्या उजेडात पाहून घेतलेली सुस्थितीतील टाकी आणावी, कारण सडलेल्या पत्र्यावर लावलेल्या ठिगळाचे पैसे दुसऱ्या पावसाळ्याच्या आत पुन्हा मोजावे लागतात.